ओवाळणीत विमान

११ नोव्हेंबर २००७, भाऊबीज

ही डायरी कापडाच्या व्यापाऱ्याने दिवाळीला यांना दिली. यांना म्हणजे आमच्या केसरीनाथरावांना. त्यांनी ती टीव्हीवर ठेवली आणि विसरले. आमच्या कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात माणूस अर्धा बहिरा झालाय आणि बोलणं तर मुळातच कमी, त्याला डायरी काय करायची? मी उचलली. रुचिका पुण्याला हॉस्टेलवर गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलायला कोणी नाही. आता कागदाशी बोलेन, तो निदान 'हं' म्हणून पेपरात तोंड घालणार नाही.

आणि आज लिहिण्यासारखं घडलंसुद्धा. दीपेशला ओवाळलं. माझा एकुलता एक धाकटा भाऊ. दर वर्षी ताटात पाकीट टाकतो, नाहीतर साडी ठेवतो. आज खिशातून एक चकचकीत सोनेरी कार्ड काढलं आणि निरांजनाशेजारी ठेवलं. मी म्हटलं, "काय रे मेल्या, बँकेचं कार्ड ओवाळणीत? मग पिन पण सांगून टाक."

हसला. म्हणाला, "ताई, हे विमान कंपनीचं कार्ड आहे. गोडाऊनच्या पार्ट्यांना भेटायला मी सारखा दिल्ली-बंगलोर करतो ना, दर फेरीला यावर पॉइंट पडतात. इतके साठलेत की दोन माणसं फुकट जाऊन येतील. तू आणि भाविका. चेन्नईपर्यंत विमान, तिथून गाडीने तिरुपती."

माझ्या हातातलं ताट हललं आणि तेल त्याच्या नव्या पँटवर सांडलं. भाविका, म्हणजे त्याची बायको, पदराने पुसायला लागली. तो म्हणाला, "राहू दे, शकुन झाला."

लहानपणी माहेरी, कशेळीला, खाडीकडच्या आमच्या शेताच्या बांधावर बाबा आणि मी बसायचो. लांबून विमानं खाली उतरताना दिसायची. बाबा म्हणायचे, "कमळ बाय, कवातरी बसशील तू त्याच्यान." बाबा गेले. माझीही पन्नाशी आली आणि मी अजून ठाण्याच्या पुढे फारशी गेले नाही. आज रडले थोडी, पण आनंदाने. अशी ओवाळणी भिवंडीच्या धामणकर नाक्यावर कोणाला मिळाली असेल, सांगा.

१४ नोव्हेंबर

शेजारच्या पार्वतीला सांगितलं. तिला पटेना. "फुकट? विमान कंपनी फुकट कशाला नेईल? तिची मामी लागतेस का तू?" मी समजावलं, दीपेशने मला समजावलं तसंच. जो माणूस एकाच कंपनीला धरून राहतो, स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्याच्या विमानात उडी मारत नाही, त्याला कंपनी विसरत नाही. त्याची आठवण ठेवते.

हे पेपरातून म्हणाले, "आमी वीस वर्षं एकाच व्यापाऱ्याला कापड देतोय. त्याने डायरी दिली." एवढं बोलून परत आत. माणूस बोलतो कमी, पण बोलला की रागच येतो.

१९ नोव्हेंबर

दीपेशचा फोन. रेशनकार्ड, निवडणूक कार्ड आणि फोटो तयार ठेव म्हणाला. मी विचारलं, तिकिटाला एवढं कशाला? तर म्हणाला, "ताई, पॉइंटचं तिकीट आहे. नातेवाईक असल्याची नोंदणी लागते, नाहीतर कोणीही कोणालाही नेईल. आणि गेल्या वर्षीच्या स्फोटांपासून सिक्युरिटी किती कडक झालीय माहितीय ना? आधीच फोटो आणि अंगठा घेऊन ठेवतात. एकदा झालं की विमानतळावर कटकट नाही."

बरोबरच आहे. एवढं मोठं विमान, कोणालाही कसं बसवतील?

माझ्या चष्म्याची काडी मोडलीय. नाक्यावरच्या दुकानात दिलाय, दुकानदार रोज 'उद्या' म्हणतो. पोथी वाचणं बंद आहे, डायरी अंदाजाने लिहितेय. या ओळी वर-खाली जातायत ते त्यामुळे.

२२ नोव्हेंबर

झालं विमानाचं रजिस्ट्रेशन!

सकाळी दीपेश गाडी घेऊन आला. गाडीत आक्काही होती. आक्का म्हणजे आमची आई, पण अख्खी कशेळी तिला आक्का म्हणते, तसं आम्हीही. मी म्हटलं, "अगो बाय, तू पण येणार विमानात?" दीपेशच म्हणाला, "नाव घालून ठेवू तिचं, गुडघ्यांनी साथ दिली तर बघू."

कल्याण रोडला एका इमारतीत वरच्या मजल्यावर ऑफिस. ही गर्दी! मला वाटलं, एवढी माणसं विमानाने जातात भिवंडीतून? बोर्ड होता मोठा, पण चष्म्याशिवाय मला सगळं धुरकट. दीपेशचे दोन मित्र आधीच येऊन उभे होते. ते साक्षीदार म्हणे. मी म्हटलं, "विमानात बसायला साक्षीदार? मी काय पळून जाऊन लग्न करतेय?" मित्र हसले. दीपेश म्हणाला, "ओळख पटवायला लागतात ताई."

बाकड्यावर बसवून सह्या घेतल्या, पानापानावर. दीपेश बोट ठेवायचा, मी सही करायची. मग आत नेलं. कॉम्प्युटरवर छोटा कॅमेरा लावलेला, फोटो काढला. काचेच्या डबीवर अंगठा ठेवला. मी जरा बावरलेच. साहेब बरा होता, त्याने मान वर करून विचारलं, "बाई, राजीखुशीने ना? कोणाची जबरदस्ती नाही?"

मी म्हटलं, "अहो साहेब, जबरदस्ती कसली? मी तर नाचत आलेय."

सगळे हसले. साहेबही हसला. म्हणाला, अशा बाया रोज येत नाहीत. दीपेश जरा उशिराने हसला, बिचारा सकाळपासून धावपळीत होता.

नंतर खाली भेळ घेतली. आक्काने तिची भेळ खाल्ली नाही, कागदात तशीच धरून बसली. तिला म्हटलं, "विमानाला घाबरतेस काय गो? तुला कुठे आताच बसायचंय." तिने भेळेचा कागद अजून घट्ट मिटला. वय झालंय आता तिचं.

३० नोव्हेंबर

आज यांच्याशी कडाक्याचं भांडण.

कंपनीने नाताळच्या सुट्टीच्या तारखा पॉइंटवाल्यांना बंद केल्यात. ज्या दिवसांत सगळ्यांना जायचं असतं, त्याच दिवसांत फुकटवाल्यांना जागा नाही. वर फुकट तिकिटालाही टॅक्स भरावाच लागतो म्हणे. तो दीपेशने भरला. तारीख मिळाली बारा डिसेंबर. मी जेवताना हे सांगत होते, रजिस्ट्रेशनचीही गंमत सांगितली, साहेबाला काय बोलले ते. मला वाटलं हे हसतील. यांनी हातातला घास खाली ठेवला.

"सह्या कशावर केल्यास?"

"फॉर्मवर."

"वाचलंस?"

"चष्मा कुठे होता?"

"मग नंतर वाचायचं. उद्या करायची सही."

माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, "माझा भाऊ पुढ्यात कागद ठेवतो आणि मी त्याला सांगू, थांब, आधी वाचते, बघते तू मला फसवतोस का? त्याला दोन वर्षांचा असताना कडेवर घेऊन फिरले मी. नववीतून शाळा सुटली ती त्याला सांभाळायला. तुमच्या बहिणी तुम्हाला साधा फोन करत नाहीत म्हणून माझ्या भावावर जळू नका."

हे उठले आणि कारखान्यात गेले. ताट तसंच. रागाने मी मांजराला मासा घातला आणि मग वाईट वाटलं, कारण तो चांगला मोठा तुकडा होता.

८ डिसेंबर

चष्मा मिळाला एकदाचा. आणि डोळ्यांवर चढवून आधी काय केलं, तर कशेळीला गेले. निघण्याआधी आक्काला भेटायचं होतं.

खाडीकडच्या शेतात चुन्याच्या रेघा मारल्यात आणि लाल कापड बांधलेल्या काठ्या रोवल्यात. दीपेश म्हणाला, रस्त्याची मोजणी चाललीय. बांधावर दोन मिनिटं बसले. सातबाऱ्यावर इतर हक्कांत माझं नाव लागलं तेव्हाची गोष्ट आठवली. तो उतारा बाबांच्या वर्षश्राद्धाला दीपेशनेच आणून दाखवला होता. 'हे बघ ताई, तू पण मालकीण.' किती हसलो होतो. मला काय करायचीय जमीन? पण नाव वाचून बरं वाटलं होतं. त्या शेतातल्या तांदळाची एक गोण दर जानेवारीत माझ्याकडे येते, अजून काय पाहिजे?

आक्काने बालाजीला वाहायला नारळ दिला. आपल्या झाडाचा. म्हणाली, "सांभाळून जा गो बाय. माझ्यावर राग नको धरू." मी म्हटलं, "राग कसला, तुझ्या गुडघ्यांवर राग धरू? पुढल्या वर्षी तुलाच नेते."

१२ डिसेंबर, तिरुपती

काय लिहू.

सगळं लिहिते, नाहीतर हे माझं मलाच खरं वाटणार नाही.

दीपेशने आम्हाला पहाटे विमानतळावर सोडलं. भाविका आधी दोनदा विमानात बसलेली, तिने बॅगा मशीनमध्ये टाकल्या. मग बायकांची वेगळी रांग, पडद्याआड तपासणी. माझं गंठण वाजलं, पाटल्या वाजल्या, जोडवी वाजली. एकदा मागे पाठवलं, परत बोलावलं, हात पसर, वळ. इथपर्यंत मी हसतच होते.

मग माझी पिशवी अडवली. आत नारळ. पोरगेलासा शिपाई म्हणाला, "नारियल नहीं जाएगा." मी म्हटलं, "भगवान का है." म्हणाला, "किसी का भी हो." मागच्या बायका पुढे घुसायला लागल्या, कोणीतरी च्यक् केलं, आणि माझी सटकली. मी जोरात म्हटलं, "क्यूं नहीं जाएगा? बॉम्ब है क्या ये?"

दोघे शिपाई माझ्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. मला बाजूला खुर्चीवर बसवलं, पिशवी पूर्ण उपसली. साडी, परकर, माझे आतले कपडे, सगळ्यांसमोर. भाविका पलीकडे पट्ट्यापाशी उभी राहून बांगड्या घालत होती. लाजेने मला रडू यायला लागलं. तेवढ्यात एक मोठी अधिकारीण आली, वर्दीतली, माझ्या वयाची. मराठी बोलली म्हणून मला धीर आला.

मी म्हटलं, "अहो बाई, माझी सगळी नोंद आहे तुमच्याकडे. फोटो काढलाय, अंगठा घेतलाय, दोन साक्षीदार उभे केले होते. मशीनमध्ये बघा ना, कमळ केसरीनाथ भोईर. मला काय चोर समजता?"

"अंगठा? कुठे दिला?"

"भिवंडीला, कल्याण रोडच्या ऑफिसात. माझ्या भावाने नेऊन रजिस्ट्रेशन केलंय. साहेबाने विचारलंसुद्धा, राजीखुशीने ना म्हणून."

ती माझ्या पिशवीत कपडे परत भरत होती, ती थांबली. हळूच म्हणाली, "मावशी, विमानाला अंगठा लागत नाही. तिकीट आणि ओळखपत्र, बास. ते 'राजीखुशीने ना', ते जमीन लिहून देताना विचारतात. आमच्या आत्याला विचारलं होतं. तुमच्या माहेरी जमीन आहे का?"

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, काहीतरीच काय, माझा भाऊ विमानात बसवतोय मला. आणि हसता हसता भाविकाकडे बघितलं. ती बांगड्याच घालत होती. चार बांगड्यांना किती वेळ लागतो?

नारळ त्यांनी ठेवून घेतला. बाई म्हणाली, "नियम आहे मावशी, माफ करा." त्या सकाळी माझी माफी मागणारी ती एकटीच.

विमानात मला खिडकी दिली. पट्टा लावायला आलेल्या पोरीने विचारलं, पहिल्यांदाच का? मी मान हलवली. वर गेल्यावर खाली पाणी दिसलं, समुद्र की खाडी ते कळलं नाही. मी भाविकाला विचारलं, "काय लिहून घेतलं माझ्याकडून?"

ती खाली बघून म्हणाली, "ताई, मला नका विचारू."

"तुला नाही विचारू, तर या ड्रायव्हरला विचारू?"

मग बोलली. हक्कसोड पत्र. खाडीकडची जमीन गोडाऊनवाल्यांना दिलीय. आता नवीन कायद्याने बहिणींना हिस्सा आहे, म्हणून त्यांच्या वकिलाने बहिणीची सही मागितली. आक्काचीही झाली त्याच दिवशी. "मी यांना सांगितलं होतं, ताईंना सरळ सांगा. यांनी ऐकलं नाही." आणि मग, जणू हे ऐकून मला बरं वाटेल अशा आवाजात म्हणाली, "तिकिटांचं मनावर घेऊ नका. ते पॉइंट तसेही डिसेंबरअखेर बाद होणार होते."

म्हणजे ओवाळणीसुद्धा शिळी.

चेन्नई येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. लोक विचारतील, काय दिसलं? ढग दिसले. खूप ढग होते.

१३ डिसेंबर

दर्शन झालं. एवढ्या लांबून येऊन रांगेत उभी राहिले, आणि पुढ्यात देव आला तेव्हा काय मागायचं ते आठवेना. हात जोडून नुसती उभी राहिले. मागून ढकललं, पुढे झाले.

भाविका लाडूचा डबा मला देत होती. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला ने.

१६ डिसेंबर

विमानतळावरून घरी गेलेच नाही. गाडी सरळ कशेळीला घ्यायला लावली.

दीपेश ओटीवरच होता. भाविकाने फोन केला असणार, कारण चेहरा तयार करून बसला होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ. पार्टीला टायटल क्लिअर लागतं. तुला सांगितलं असतं तर तू दाजींना विचारलं असतंस, दाजींनी वकील केला असता, वर्ष गेलं असतं. पार्टी थांबत नाही. आणि तुझ्या लग्नात बाबांनी केलं ना सगळं?"

मी म्हटलं, "मला विमानात बसायचं म्हणून तू मला नेलंस, की सही पाहिजे म्हणून?"

"दोन्ही," म्हणाला. अगदी सहज. आणि मला वाटतं, खोटंही बोलला नाही. त्याला खरंच वाटत होतं की त्याने मला काहीतरी दिलंय.

मी ओरडले. पोट भरून ओरडले. शेजारचे बाहेर आले तरी थांबले नाही. म्हटलं, "मेल्या, तुझ्या ओल्या चड्ड्या मी बदलल्या, तुझ्या तापात मी रात्र-रात्र जागले, आणि तू मला माझ्याच तोंडाने साहेबापुढे 'नाचत आलेय' म्हणायला लावलंस? आणि मागे उभा राहून हसलास?"

तेव्हा आक्का आतून आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ही त्याच्या कानाखाली देईल. आक्का म्हणाली, "तुला काय कमी हाय गो? नवरा हाय, कारखाना हाय. लेक म्हायेराला येते ती साडीचोळीला. जमिनीला न्हाय येत."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"मी पण अंगठा दिला ना. मी काय मागितलं?"

"मग त्या दिवशी भेळ का नाय खाल्लीस?"

आक्काने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

घरी येताना रिक्षात एकच विचार येत होता. त्याने सरळ मागितलं असतं तर मी दिलं असतं का? सगळ्या बायका म्हणतात, भावाने मागितलं तर जीव देऊ. मी खरं लिहिते, मला माहीत नाही. कदाचित दिलं असतं, कदाचित म्हटलं असतं, एक गुंठा ठेव, बांधापाशी, बसायला. पण विचारायला हवं होतं. मला 'हो' किंवा 'नाही' म्हणता आलं असतं, तेवढं तरी माझं होतं.

हे दारात उभे होते. सगळं ऐकलं. मला वाटलं आता म्हणतील, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "जेवलीस का?"

९ जानेवारी २००८

एक शिफ्ट लूम बंद ठेवून हे माझ्याबरोबर आले. आधी वकील, मग तलाठी. वकील म्हणाला, सही तुमची, अंगठा तुमचा, फोटोत तुम्ही हसताय. फसवणूक सिद्ध करायची तर दावा लावा, वर्षं जातील. तोवर सातबाऱ्यावरून नाव काढायला हरकत घ्या. घेतली. अर्ज मी स्वतः लिहिला, चष्मा लावून, आणि तीनदा वाचला.

परत येताना यांनी मला उसाचा रस पाजला. आजवर एकदाही 'मी म्हटलं होतं' म्हणाले नाहीत. त्या एका गोष्टीसाठी मी यांची पुढची दहा वर्षांची भांडणं माफ केली. निम्मी तरी.

२५ जानेवारी

कशेळीहून तांदळाची गोण आली, दर वर्षीसारखी. आक्काने पाठवलीय. गोणीवर वाशीच्या कुठल्या मिलचा शिक्का आहे. आमच्या शेतातला तांदूळ जाडा आणि लालसर असतो, हा पांढराफेक आणि बारीक.

परत पाठवली नाही, आक्काची आहे. शिजवलीही नाही. कोपऱ्यात ठेवलीय.

रुचिकाचा फोन आला. तिला सगळं आता कळलंय. रडली, मग चिडली. "आई, विमानाला अंगठा? मला एक फोन करायचास ना!" मी म्हटलं, "तुझा मामा म्हणाला, सरप्राइज आहे, तिला सांगू नको." ती परत रडायला लागली. मामा तिचाही लाडका होता, हे मी विसरलेच होते.

४ मार्च

कशेळीच्या पुलावरून जाताना बघितलं. शेतात डंपर उभे आहेत, मुरमाचा भराव पडलाय. रिक्षा थांबवून आत गेले. बांध कुठे होता ते कळेना. डंपरवाला खिडकीतून म्हणाला, "चाची, हटो, लग जाएगा." मी म्हटलं, "ये मेरा खेत है." त्याने कानाला हात लावून परत विचारलं, इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं नाही. बाजूला झाले.

१९ सप्टेंबर

तलाठ्याने सांगितलं, हरकतीमुळे नोंद अडकलीय, प्रकरण वर गेलंय. गोडाऊनवाल्यांचा शेवटचा हप्ता थांबलाय म्हणे. कशेळीचे लोक मला नाक्यावर भेटले की बघून न बघितल्यासारखं करतात. 'भावावर अर्ज करणारी बाई.' एक लांबची मावशी बोललीच तोंडावर, "माहेर तुटलं बघ तुझं." मी म्हटलं, "मी नाही तोडलं. मला तर तिथे कोणी विचारायलाही आलं नाही."

भाविकाचा निरोप आला, "दिवाळीला आमचे हे येतील, तुम्ही राग सोडा."

३० ऑक्टोबर, भाऊबीज

सकाळपासून दोनदा पाट मांडला, दोनदा उचलला. तिसऱ्यांदा मांडला आणि रांगोळी काढली. सवय हो, हाताला सवय लागलेली असते. निरांजन, सुपारी, अक्षता, अनारसे. मग ताट तयार करून बसले, आणि संध्याकाळ व्हायला लागली तसं मला माझंच कळेना, की मी तो येण्याची वाट बघतेय की न येण्याची.

पार्वतीला भाऊ नाही. ती दर वर्षी या दिवशी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. ज्यांना भाऊ नाही त्यांचा भाऊ चंद्र. तिच्या चपला जिन्यात वाजल्या तशी मी ताट उचललं आणि बाहेर आले. म्हटलं, "थांब, मी पण येते."

ती म्हणाली, "तुला आहे की भाऊ."

"चल," मी म्हटलं. "कोर लवकर बुडते."

गच्चीवर फटाक्यांचा धूर होता. पश्चिमेला बारीकशी कोर, शेजारच्या कारखान्याच्या पत्र्याला टेकायला आलेली. पार्वतीने ओवाळलं, मग मी. अक्षता वर टाकल्या, त्या माझ्याच डोक्यावर पडल्या. लांबून एक विमान दिवे लुकलुकवत खाली उतरत होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही, चंद्राकडेच बघितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात हलला नाही, तेलही सांडलं नाही.

खाली आले तर दीपेश घरात. पांढरी सफारी, कपाळ पुसून तयार, पाटाशेजारी उभा. हे पेपर घेऊन बसलेले, पण पेपर उलटा.

"ताई, उशीर झाला, कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक," तो म्हणाला. जसं काही झालंच नाही. खिशातून एक लांबट पाकीट काढलं. "यंदा सिंगापूर. तू आणि दाजी, दोघं. परत पॉइंट साठलेत. फक्त तो तलाठ्याकडचा अर्ज तेवढा मागे घे, एक सही आहे, मी नेऊन करून आणतो तुला."

असं म्हणून तो पाटावर बसायला वाकला.

माझ्या हातात ताट होतंच. निरांजन अजून जळत होतं. दोन वर्षांचा असताना याला असंच पाटावर बसवायचे आणि तो ताटातली सुपारी पळवायचा, हेही मला तेव्हाच आठवलं. काय करू, आठवतं.

मी म्हटलं, "ओवाळून झालं, दीपेश."

तो अर्धा वाकलेला तसाच थांबला. "कोणाला ओवाळलंस?"

"चंद्राला."

त्याचं तोंड उतरलं. पाकीट हातातच राहिलं. मी निरांजन देवापुढे ठेवलं, पाट उचलला आणि भिंतीला लावून ठेवला.